चिंताशामक औषधासक्ती

चिंता, भीती, छातीतील धडधड, निद्रानाश इ. तक्रारींवर वैद्याने दिलेली शामक औषधे दीर्घकाळ घेतल्याने शरीर व मन त्यांच्यावर अवलंबून राहते आणि ती बंद करताच त्रासदायक, प्रसंगी प्राणघातक लक्षणे उद्भवतात. या अवस्थेस चिंताशामक औषधासक्ती म्हणतात. सांप्रत वापरात असलेली बहुतेक चिंताशामके बेंझोडायाझेपीन या रासायनिक गटातील आहेत. अल्प्राझोलाम, डायाझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम व क्लोरडायाझेपॉक्साइड ही त्यांपैकी भारतात अधिक परिचित औषधे होत. झोपेसाठी दिले जाणारे झोलपिडेम रासायनिक दृष्ट्या निराळे असले, तरी त्याची क्रिया याच मार्गाने होते व त्याचीही आसक्ती जडते.

मद्य, अफू, तंबाखू यांच्या आसक्तीहून ही आसक्ती दोन बाबतींत वेगळी ठरते. पहिली बाब म्हणजे तिची सुरुवात बहुधा वैद्याच्या चिठ्ठीने होते. त्यामुळे रुग्ण स्वतःस व्यसनी समजत नाही व त्याच्या घरच्यांनाही तशी शंका येत नाही. दुसरी बाब उपचारांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. या औषधांत घेणे जितके हानिकारक, त्याहून एकाएकी थांबविणे अधिक धोक्याचे असते. म्हणून औषध तत्काळ बंद करणे हा या आसक्तीवरील उपचार नव्हे. मात्रा क्रमाक्रमाने व पुरेसा अवधी देऊन कमी करणे हाच तिचा मुख्य उपचार होय.

ऐतिहासिक आढावा : मन शांत करणाऱ्या औषधांचा इतिहास हा एका औषधाच्या आसक्तीतून सुटण्यासाठी दुसरे औषध शोधण्याचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रोमाइडे व १८६९ पासून क्लोरल हायड्रेट झोपेसाठी वापरात आले. १९०३ मध्ये बार्बिटाल हे पहिले बार्बिट्युरेट प्रचारात आले. उपचारास लागणारी मात्रा व प्राणघातक मात्रा यांत थोडेच अंतर असल्यामुळे बार्बिट्युरेटांमुळे अनेक मृत्यू ओढवले. १९५५ मध्ये अमेरिकेत आलेले मेप्रोबामेट हे निर्धोक म्हणून गाजले; पण त्याचीही सवय जडते, असे लवकरच आढळून आले.

लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने हॉफमन-ला रोश या कंपनीच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत १९५५ च्या सुमारास तयार केलेले एक संयुग दोन वर्षे बाजूस पडून होते. १९५७ मध्ये त्याची परीक्षा केली असता ते प्रभावी शामक असल्याचे दिसून आले. हेच क्लोरडायाझेपॉक्साइड १९६० मध्ये ‘लिब्रियम’ या नावाने व त्यापाठोपाठ १९६३ मध्ये डायाझेपाम ‘व्हॅलियम’ या नावाने बाजारात आले. बार्बिट्युरेटांच्या तुलनेने ही औषधे एकटी घेतल्यास पुष्कळच सुरक्षित असल्याने ती जगभर झपाट्याने पसरली. भारतात १९६१–७० या दशकाच्या अखेरीस रॅनबॅक्सी कंपनीने आणलेली ‘काम्पोज’ ही डायाझेपामची गोळी इतकी रूढ झाली की, अनेक घरांत शामक गोळीस तेच सामान्यनाम मिळाले.

धोक्याची सूचना मात्र आरंभीच मिळाली होती. १९६१ मध्ये लिओ हॉलिस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या मात्रेत दीर्घकाळ क्लोरडायाझेपॉक्साइड घेणाऱ्या रुग्णांचे औषध अचानक थांबविले असता बहुतेकांत नवी लक्षणे उद्भवली व दोघांना झटके आले. तथापि हा दोष केवळ मोठ्या मात्रेचा आहे, असे मानले गेले. वैद्याने सांगितलेल्या नेहमीच्या मात्रेनेही अवलंबित्व निर्माण होते, हे १९८० च्या आसपास ब्रिटनमधील माल्कम लेडर प्रभृतींच्या संशोधनातून स्पष्ट झाले. न्यूकॅसल येथे हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात केवळ या औषधांपासून मुक्त होऊ इच्छिणाऱ्यांसाठी चिकित्सालय चालविले. तेथील अनुभवावर आधारलेली त्यांची मार्गदर्शिका १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. १९८८ मध्ये ब्रिटनमधील औषध-सुरक्षा समितीने ही औषधे तीव्र चिंतेत व तीही फक्त दोन ते चार आठवडे द्यावीत, असे सुचविले. १९८४ मध्ये या गटातील अनेक औषधे मनोवर्ती द्रव्यांविषयीच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत आणली गेली. २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गैरवापर, आसक्ती, शारीरिक अवलंबित्व व औषध थांबविल्यावर होणारी लक्षणे यांविषयीचा सर्वांत कडक इशारा या गटातील सर्व औषधांच्या माहितीपत्रकात देणे बंधनकारक केले.

क्रिया व कारणमीमांसा : मेंदूतील तंत्रिका कोशिकांच्या (मज्जापेशींच्या) उद्दीपनास आवर घालण्याचे कार्य प्रामुख्याने गॅमा अमिनो ब्युटिरिक अम्ल (संक्षेपाने गाबा) हे द्रव्य करते. ते कोशिकेच्या पृष्ठभागावरील विशिष्ट ग्राहीस चिकटले म्हणजे ग्राहीतील मार्ग उघडतो, क्लोराइड आयन आत शिरतात व कोशिका शांत होते. बेंझोडायाझेपिने याच ग्राहीवर वेगळ्या जागी बसतात व गाबाची क्रिया वाढवितात. मेंदूतील या बंधनस्थानांचा शोध १९७७ मध्ये लागला. चिंता कमी होणे, झोप येणे, स्नायू शिथिल होणे व झटके थांबणे हे सर्व परिणाम या एकाच क्रियेतून घडून येतात.

औषध रोज मिळू लागले म्हणजे मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. ग्राहींची संवेदनक्षमता घटते आणि उद्दीपन करणाऱ्या यंत्रणा अधिक जोमाने काम करू लागतात. परिणामी पूर्वीच्या मात्रेने पूर्वीइतका गुण येत नाही. यास सह्यता म्हणतात. झोपेच्या बाबतीत ती काही आठवड्यांतच दिसू लागते. अशा स्थितीत औषध अचानक थांबविल्यास आवर नाहीसा होतो व वाढलेले उद्दीपन तेवढे शिल्लक राहते. उतारावर गतिरोधक दाबून धरलेल्या गाडीचा गतिरोधक एकदम सोडावा, तसे हे होते. मेंदूला पूर्वस्थितीवर येण्यास आठवडे वा महिने लागतात आणि उपचारांची गती या कालावधीवरून ठरते.

अवलंबित्वाची शक्यता औषधाची मात्रा, वापराचा काळ व औषधाचे अर्धायुष्य (रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ) यांवर अवलंबून असते. अल्प्राझोलामचे अर्धायुष्य सरासरीने सु. ११ तास आहे. डायाझेपाम व शरीरात त्यापासून बनणारे सक्रिय द्रव्य मिळून परिणाम कित्येक दिवस टिकतो. अल्पायुषी औषधाचा अंमल लवकर ओसरतो, दोन मात्रांच्या मध्येच अस्वस्थता जाणवते व रुग्ण पुढच्या गोळीची वाट पाहू लागतो. यामुळे अल्प्राझोलाम सोडणे विशेष कठीण जाते.

लक्षणे : दीर्घकालीन वापरात गुंगी, विस्मरण, एकाग्रता कमी होणे, भावना बोथट होणे, तोल जाणे ही लक्षणे आढळतात. वृद्धांत पडून खुब्याचे हाड मोडण्याचा व गोंधळलेपणाचा धोका वाढतो. विस्मरण हे वयाचेच लक्षण समजले जाऊन खरे कारण दृष्टिआड राहते. मद्य किंवा अफूजन्य औषधे यांच्यासमवेत चिंताशामके घेतल्यास श्वसन मंदावून मृत्यू येऊ शकतो.

औषध थांबविल्यावर किंवा मात्रा एकदम घटविल्यावर उद्भवणाऱ्या लक्षणांना परिवर्जन लक्षणे म्हणतात. अल्पायुषी औषधांत ती एक-दोन दिवसांत, तर दीर्घायुषी औषधांत बहुधा तीन ते सात दिवसांत वा त्याहून उशिरा सुरू होतात. तीव्र चिंता, झोप न लागणे, हातांस कंप, घाम, धडधड, मळमळ, स्नायूंत ताठरपणा, आवाज व प्रकाश असह्य होणे, अंगास मुंग्या येणे, आपण किंवा भोवतालचे जग खरे नाही असे वाटणे ही त्यांपैकी प्रमुख होत. गंभीर प्रकारात अपस्मारासारखे झटके, भ्रम व वातविकार होतात. वेळीच उपचार न झाल्यास मृत्यूही येतो.

मूळ चिंता परत येणे व परिवर्जन लक्षणे उद्भवणे यांत भेद करणे आवश्यक असते. मूळ चिंता हळूहळू व पूर्वीच्याच स्वरूपात परतते. परिवर्जन लक्षणे मात्रा घटविल्यानंतर ठराविक काळात येतात, त्यांत पूर्वी नसलेल्या तक्रारी असतात व ती कालांतराने ओसरतात. हा भेद न कळल्याने ‘गोळीवाचून चालतच नाही’ असा रुग्णाचा व कधीकधी वैद्याचाही समज होतो आणि औषध वर्षानुवर्षे चालू राहते.

खानदेशातील स्वरूप : खानदेशाच्या पश्चिम भागात या आसक्तीची दोन्ही रूपे एकमेकांलगत पाहावयास मिळतात. धुळे जिल्ह्यातील साक्री हे तालुक्याचे गाव धुळ्याच्या पश्चिमेस सु. ५५ किमी. वर, धुळे–सुरत महामार्गावर वसले आहे. तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या डोंगराळ प्रदेशात मोडतो व तेथे आदिवासी वस्ती मोठी आहे. अशा तालुक्यात मानसिक तक्रारी घेऊन येणारा रुग्ण प्रथम मानसोपचारतज्ञाकडे न जाता सर्वसाधारण वैद्याकडे जातो. तक्रारही ‘चिंता’ या शब्दात मांडली जात नाही. जीव घाबरतो, छातीत धडधडते, डोके जड होते, झोप येत नाही, असे तो सांगतो. पाव किंवा अर्धा मिलिग्रॅमची गोळी काही दिवसांसाठी दिली जाते, तीने त्याच रात्री आराम पडतो आणि तीच चिठ्ठी पुन्हापुन्हा वापरली जाते. पतीचे निधन, नापिकी, कर्ज किंवा मुलीचे लग्न अशा निमित्ताने सुरू झालेली गोळी ते निमित्त सरल्यावरही राहते. हे आसक्तीचे शांत व घरगुती रूप होय.

दुसरे रूप बाजारी आहे. साक्रीच्या दक्षिणेस असलेल्या नाशिक जिल्ह्यातील मालेगाव या यंत्रमागांच्या शहरात व धुळे परिसरात अल्प्राझोलामसारख्या गोळ्या नशेसाठी चोरट्या मार्गाने विकल्या जातात. त्यांस तेथे ‘कुत्ता गोळी’ असे नाव पडले असून पोलिसांच्या कारवायांच्या संदर्भात ते वृत्तपत्रांतून वारंवार येते. येथे सेवन करणारा बहुधा तरुण असतो, एका वेळी अनेक गोळ्या घेतो व त्यांच्या जोडीस मद्य किंवा कोडीनयुक्त खोकल्याचे औषध घेतो. समाज या तरुणास गुन्हेगार व पहिल्या रूपातील वृद्धेस केवळ आजारी समजतो. परंतु दोघांच्या मेंदूत घडणारा बदल एकच असून दोघांचेही औषध एका दिवसात तोडणे सारखेच धोक्याचे असते.

तिसरा एक मार्ग ताडीचा आहे. नैसर्गिक ताडीचा अंमल वाढविण्यासाठी तीत क्लोरल हायड्रेट, डायाझेपाम किंवा अल्प्राझोलाम मिसळण्याचे प्रकार तेलंगण व त्यालगतच्या प्रदेशात आढळले आहेत. २०१५ मध्ये तेलंगणात अशा भेसळीविरुद्ध कडक कारवाई झाली, तेव्हा नेहमीची ताडी न मिळाल्याने झटके, भ्रम व विचित्र वर्तन या लक्षणांचे रुग्ण मोठ्या संख्येने रुग्णालयांत आले. आपण शामक औषध घेत आहोत, हे त्यांतील अनेकांस ठाऊकही नव्हते. पुरवठा तोडताना उपचारांची सोय सिद्ध नसली, तर काय घडते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ या वयोगटातील १·०८% (सु. १·१८ कोटी) भारतीय वैद्यकीय सल्ल्याविना शामक औषधे घेत होते. अशा व्यक्तींची संख्या सर्वाधिक असलेल्या पाच राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. वैद्याच्या चिठ्ठीनेच औषध घेत राहिलेले, पहिल्या रूपातील रुग्ण या आकड्यात धरलेले नाहीत.

निदान : सर्व अवलंबित्व म्हणजे व्यसन नव्हे. वैद्याच्या देखरेखीखाली नेमून दिलेली मात्रा घेणाऱ्यात केवळ सह्यता व परिवर्जन लक्षणे दिसली, तर ते शारीरिक अवलंबित्व होय. औषधाची अनावर ओढ, स्वतःहून मात्रा वाढविणे, अनेक वैद्यांकडून चिठ्ठ्या मिळविणे, कामधंदा व नातेसंबंध बिघडत असूनही सेवन चालू ठेवणे ही व्यसनाची लक्षणे होत. दोन्हींत मात्रा हळूहळूच घटवावी लागते. व्यसनात त्याशिवाय वर्तनावर दीर्घकाळ उपचार करावे लागतात.

उपचारांपूर्वी औषधाचे नाव, दैनिक मात्रा, कालावधी, पूर्वी सोडण्याचे झालेले प्रयत्न, पूर्वी आलेले झटके, मद्य व अन्य मादक पदार्थांचे सेवन, यकृत व फुप्फुसांचे विकार, गर्भारपण आणि आत्महत्येचे विचार यांची चौकशी करतात. रुग्णास नाव सांगता येत नसल्यास गोळ्यांची रिकामी पाकिटे घेऊन येण्यास सांगणे हा साधा पण खात्रीचा उपाय ठरतो.

उपचार : (१) तातडीचे उपचार : झटके, भ्रम, तीव्र ताप वा बेशुद्धी असल्यास रुग्णास रुग्णालयात दाखल करणे अत्यावश्यक असते. परिवर्जनामुळे आलेल्या झटक्यांवर बेंझोडायाझेपीनच शिरेतून देतात व त्यानंतर मात्रा स्थिर करून मग घट सुरू करतात. अतिमात्रेत प्रथम श्वसन सांभाळणे महत्त्वाचे असते. फ्लुमाझेनिल हे उतारा म्हणून वापरता येणारे औषध आहे. तथापि दीर्घकाळ शामके घेणाऱ्यात त्याने झटके येऊ शकत असल्याने ते सरसकट देत नाहीत.

(२) मात्रेची क्रमशः घट : हा उपचारांचा गाभा होय. प्रथम रुग्णाची रोजची मात्रा निश्चित करून ती ठराविक वेळी, नियमितपणे घेण्यास सांगतात. अल्पायुषी औषध घेणाऱ्यास पुष्कळदा समतुल्य मात्रेत डायाझेपामवर आणतात, कारण त्याचे रक्तातील प्रमाण सावकाश उतरते आणि लहान मात्रेच्या गोळ्या सहज मिळतात. ढोबळ मानाने १० मिग्रॅ. डायाझेपामच्या तोडीस ०·५ मिग्रॅ. अल्प्राझोलाम, ०·५ मिग्रॅ. क्लोनाझेपाम, १ मिग्रॅ. लोराझेपाम, १० मिग्रॅ. नायट्राझेपाम किंवा २५ मिग्रॅ. क्लोरडायाझेपॉक्साइड धरतात. हे आकडे अंदाजाचे आहेत. व्यक्तिपरत्वे त्यांत फरक पडत असल्याने हा बदल वैद्याच्या देखरेखीखालीच करावा लागतो. वृद्ध व यकृतविकाराचे रुग्ण यांच्या शरीरात डायाझेपाम साचत जात असल्याने त्यांच्या बाबतीत मूळ औषधच घटवितात किंवा लोराझेपामसारखे औषध निवडतात.

यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा ५ ते १०% कमी करतात. दोन आठवड्यांत २५% पेक्षा अधिक घट करू नये, असे २०२५ मधील अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. उदा., रोज तीन वेळा ०·५ मिग्रॅ. अल्प्राझोलाम घेणाऱ्या रुग्णाची मात्रा सु. ३० मिग्रॅ. डायाझेपामइतकी होते, तीत पहिली घट दोन-तीन मिलिग्रॅमचीच असते. मात्रा जसजशी लहान होते, तसतशी घटही लहान ठेवावी लागते. शेवटच्या पायऱ्या बहुधा सर्वांत अवघड जातात. लक्षणे असह्य झाल्यास त्याच मात्रेवर काही आठवडे थांबतात. शक्यतो मात्रा पुन्हा वाढवीत नाहीत. या सर्वास काही महिने, बऱ्याच वर्षांच्या वापरानंतर एक वर्ष वा त्याहून अधिक काळ लागतो. वेग रुग्णाशी चर्चा करून ठरविला, तर उपचार मध्येच सोडून देण्याचे प्रमाण घटते.

(३) मानसोपचार : औषध ज्या कारणासाठी सुरू झाले, त्यावर दुसरा उपाय न केल्यास रुग्ण पुन्हा गोळीकडे वळतो. विचार व वर्तन यांवरील उपचारपद्धतीने भीतिदायक विचार ओळखणे, टाळलेल्या प्रसंगांना थोडेथोडे सामोरे जाणे व शरीरातील धडधडीचा अर्थ नीट लावणे शिकविले जाते. निद्रानाशासाठी उठण्याची ठराविक वेळ, दिवसा झोप न घेणे, झोप आली तरच अंथरुणावर जाणे व सायंकाळनंतर चहा टाळणे या गोष्टींवर भर देतात. मात्रा घटविण्याच्या जोडीस असे उपचार दिल्यास औषध सुटण्याची शक्यता वाढते.

(४) सहायक औषधे : चिंताविकार किंवा अवसाद (खिन्नता) यांवर सवय न जडणारी अवसादरोधी औषधे देता येतात, मात्रेची घट सुरू करण्यापूर्वी ती चालू करणे इष्ट असते. हृदयाची धडधड कमी करण्यासाठी प्रोप्रॅनोलॉल कधीकधी देतात, पण ते झटके टाळू शकत नाही. परिवर्जनाची लक्षणे पूर्णपणे टाळणारे व क्रमशः घटीची जागा घेऊ शकेल असे औषध अद्याप उपलब्ध नाही.

(५) उपचारांचे स्थळ : मात्रा साधारण असलेल्या, झटक्यांचा पूर्वेतिहास नसलेल्या व घरचा आधार असलेल्या बहुसंख्य रुग्णांवर बाह्यरुग्ण विभागात उपचार होऊ शकतात. अतिशय मोठी मात्रा, अनेक मादक पदार्थांचे सेवन, पूर्वीचे झटके, गंभीर मानसिक वा शारीरिक आजार असल्यास रुग्णालय आवश्यक ठरते. साक्री परिसरातील रुग्णास त्यासाठी धुळे येथील १९८९ मध्ये स्थापन झालेले श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय जवळ पडते. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य सल्ला मिळू लागला आहे.

ग्रामीण भागात घटीचे वेळापत्रक जीवनक्रमाशी जुळवून घ्यावे लागते. पश्चिम खानदेशातील अनेक कुटुंबे ऊसतोडीच्या हंगामात दक्षिण गुजरातेत जातात. हंगामाच्या मध्यात औषध संपले, तर जी गोष्ट टाळावयाची तीच, म्हणजे आकस्मिक परिवर्जन, घडते. म्हणून स्थलांतरापूर्वी मात्रा स्थिर ठेवणे, औषध व मात्रा लिहिलेले कार्ड रुग्णाजवळ देणे व परतल्यावर घट पुढे चालू करणे हिताचे ठरते. एरवी आठवड्याचे वा पंधरवड्याचेच औषध देऊन बाजाराच्या दिवशी रुग्णास भेटीस बोलाविणे सोयीचे होते.

कुटुंबाचा वाटा : आसक्ती लक्षात आल्यावर नातेवाईक गोळ्या फेकून देतात, लपवितात किंवा रुग्णाकडून शपथ घेतात. हेतू चांगला असला, तरी यातून दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात. महाराष्ट्रातील व्यसनमुक्तीचे कार्य प्रामुख्याने मद्य व गर्द (ब्राऊन शुगर) यांच्या संदर्भात वाढले. पुण्यातील मुक्तांगण हे केंद्र १९८६ मध्ये सुरू झाले, तेव्हा गर्दचा प्रश्न ऐरणीवर होता. गर्द सोडतानाचा त्रास तीव्र असला, तरी तो सहसा प्राणघातक नसतो. त्यावरून शामक गोळ्याही मनोनिग्रहाने एकदम सोडता येतील, असा समज होण्याचा संभव असतो. तो चुकीचा आहे. कुटुंबाने गोळ्या सुरक्षित ठेवून ठरलेल्या वेळी ठरलेलीच मात्रा देणे, घट झाल्यानंतरच्या आठवड्यात चिडचिड सहन करणे व रुग्णास दोष न देणे, एवढे केले तरी उपचारांस मोठे साहाय्य होते. पोलीस कोठडीत, तुरुंगात किंवा शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात असलेल्या व्यक्तीचे औषध नकळत बंद पडते, हेही नातेवाइकांनी संबंधितांच्या वेळीच निदर्शनास आणणे आवश्यक असते.

कायदा : अल्प्राझोलाम, डायाझेपाम, नायट्राझेपाम इ. औषधे १९८५ च्या गुंगीकारक औषधे व मनोवर्ती द्रव्ये अधिनियमाखाली येतात. अल्प्राझोलामच्या बाबतीत ५ ग्रॅम ही अल्प व १०० ग्रॅम ही व्यापारी मात्रेची मर्यादा आहे. याच अधिनियमाच्या ६४-अ या कलमान्वये केवळ सेवनाचा किंवा अल्प मात्रेसंबंधीचा आरोप असलेल्या आसक्त व्यक्तीने मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेतल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. १ मार्च २०१४ पासून अंमलात आलेल्या एच-१ या अनुसूचीत अल्प्राझोलाम, क्लोरडायाझेपॉक्साइड, डायाझेपाम, मिडाझोलाम, नायट्राझेपाम व झोलपिडेम यांचा समावेश आहे. ही औषधे विकताना वैद्य व रुग्ण यांची नावे, औषध व त्याचे प्रमाण यांची स्वतंत्र वहीत नोंद करून ती तीन वर्षे जपून ठेवणे औषधविक्रेत्यावर बंधनकारक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मद्य व मादक द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश मानसिक आजारांत केला असून त्यांवरील उपचार हा रुग्णाचा हक्क मानला आहे.

प्रतिबंध : आसक्तीवरील सर्वांत स्वस्त उपचार म्हणजे पहिली चिठ्ठी लिहितानाच अखेरची तारीख ठरविणे. औषध किती दिवसांसाठी आहे व ते कसे थांबवावयाचे, हे रुग्णास आरंभीच सांगितले पाहिजे. जुनी चिठ्ठी पाहून औषध न देणे ही विक्रेत्याची जबाबदारी असली, तरी वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्यास नुसते परत पाठविणेही धोक्याचे असते. त्यास वैद्याकडे जाण्यास सांगणे हेच योग्य होय.

विक्रेत्याचा असा सहभाग परिणामकारक ठरू शकतो. कॅनडात औषधविक्रेत्यांमार्फत ६५ वर्षांवरील ३०३ दीर्घकालीन वापरकर्त्यांवर केलेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत औषधाचे धोके व ते क्रमशः घटविण्याची रीत सांगणारी पुस्तिका रुग्णांच्या हाती देण्यात आली. सहा महिन्यांत पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७% व्यक्तींनी औषध पूर्णपणे सोडले. पुस्तिका न मिळालेल्या गटात हे प्रमाण ५% होते. अनेक वर्षांच्या सवयीनंतरही, म्हातारपणीही ही आसक्ती सुटू शकते. एकदा सुटल्यावर मात्र सह्यता नाहीशी झालेली असते. त्यामुळे पूर्वीची मात्रा पुन्हा एकदम घेणे जिवावर बेतू शकते, ही जाणीव रुग्ण व त्याचे आप्त यांना उपचार संपताना करून देणे अगत्याचे आहे.